कलकत्त्याच्या संग्रहालयांतील भरहुत-वेदिका : एक परीक्षण

प्राचीन वस्तूंचें मोठें संग्रहालय पाहून आलेल्या गृहस्थास ‘काय पाहिलें?’ म्हणून विचारावें, तर ‘पुष्कळ पाहिलें’ एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर खोटें नसतें. पण त्यांत संग्रहालयाची स्तुति आहे कीं निंदा, हें ठरविणें कठीण असतें. सकाळीं आंत शिरावें, दालनांमागून दालनें ओलांडावीं, मूर्ति, नाणीं, ताम्रपट, शस्त्रें, प्राण्यांचे सांगाडे यांवरून नजर फिरवावी, आणि संध्याकाळीं बाहेर पडतांना पायांच्या शिणाखेरीज हातीं कांहीं लागूं नये, असा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. आम्हांसही तो आहे. म्हणून या खेपेस कलकत्त्यास, म्हणजे हल्लींच्या कोलकात्यास, जाण्याचा योग आला तेव्हां तेथील भारतीय संग्रहालयांत एकच दालन पाहावयाचें, पण तें नीट पाहावयाचें, असा संकल्प आम्हीं केला. तें दालन भरहुतच्या वेदिकेचें. त्या पाहण्यावरून संग्रहालयांच्या मांडणीविषयीं, पुराणवस्तुवेत्त्यांच्या ग्रंथांविषयीं, आणि लिहिण्यास संकोच वाटतो तरी, आपणां हस्तलिखितें जमविणाऱ्यांच्या वर्तनाविषयींही जे विचार सुचले, ते येथें मांडितों.

संग्रहालयाचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. १८१४ सालीं नाथानिएल वॉलिच या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून एशियाटिक सोसायटीनें तें स्थापिलें, आणि १८७८ सालीं चौरंगीवरील सध्यांच्या इमारतींत तें लोकांस खुलें झालें. बंगाली लोक त्यास ‘जादुघर’ म्हणतात. नांव मोठें मार्मिक आहे. जादूगाराच्या घरीं वस्तु कोठून आली हें विचारावयाचें नसतें. ती पाहून चकित व्हावयाचें असतें. मिसर देशांतील ममीपुढें दाटी करणारा प्रेक्षक हेंच करितो, आणि त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. पण संशोधक म्हणविणाऱ्यानें जादूच्या घरांतही ‘हें कोठलें, कोणाचें, कोणीं आणलें?’ असें विचारलें पाहिजे.

भरहुत हें गांव आजच्या मध्य प्रदेशांतील सतना जिल्ह्यांत, पूर्वींच्या नागोद संस्थानाच्या मुलखांत आहे. १८७३ च्या अखेरीस अलेक्झांडर कनिंगहॅम तेथें पोंचला, तेव्हां स्तूपाचा मुख्य भाग जवळजवळ नाहींसा झाला होता. त्याच्या विटा नेऊन लोकांनीं आपलीं घरें बांधिलीं होतीं. त्या स्तूपाभोंवतीं तांबूस वालुकाश्माची सुमारें नऊ फूट उंचीची वेदिका, म्हणजे दगडी कठडा होता. तिच्या ८० खांबांपैकीं ४९ कनिंगहॅमच्या हातीं लागले, आणि त्यांपैकीं १४ तर बटनमारा व पथोरा या आसपासच्या गांवांतून हुडकून काढावे लागले. दुसऱ्या वर्षीं जोसेफ बेग्लर या साहाय्यकाबरोबर त्यानें खणतीचें मुख्य काम केलें. पुढें पूर्वेकडील तोरण व वेदिकेचे सांपडलेले भाग कलकत्त्यास आणिले गेले, आणि १८७९ सालीं त्याचा भरहुतविषयींचा ग्रंथ बेग्लरच्या छायाचित्रांसह लंडनला प्रसिद्ध झाला.

या स्थलांतराविषयीं त्या काळींच वाद झाला होता, हें आतां फारसें कोणाच्या ध्यानांत नाहीं. पाली भाषेचा कोशकार रॉबर्ट चिल्डर्स यानें वेदिका मूळ जागेवरून हलविण्यास हरकत घेतली. इंग्लंडांतील स्टोनहेंजचे दगड कोणी गाड्यांवर लादून नेईल काय, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. कनिंगहॅमनें उत्तर दिलें कीं, आपण जें मागें ठेवूं तें घरें बांधण्याच्या कामीं जाईल; आणि मागें राहिलेले हलविण्याजोगे दगड लोकांनीं खरोखरच नेल्याचें त्यानें पुढें नमूदही केलें. आमचें मत या वादांत कनिंगहॅमच्या बाजूस पडतें. त्यानें वेदिका हलविली नसती, तर आज या लेखास विषयच नसता. गांवकऱ्यांस रानटी ठरविण्याची मात्र गरज नाहीं. पडक्या वास्तूचा दगड नव्या घरास लावणें हें आपल्या देशीं कोणीं पाप मानिलेलें नाहीं. आपल्याकडील किती देवळांचे चिरे किती वाड्यांच्या जोत्यांत आहेत, हें वाचकांस सांगावयास नको.

पण चिल्डर्सच्या म्हणण्यांत एक सत्य होतें, आणि तें दालनांत उभें राहिल्यावरच कळतें. भरहुतची वेदिका चार दिशांस चार दारें ठेवून वर्तुळाकार उभारलेली होती. उत्तरेच्या दाराशीं कुबेर यक्ष, दक्षिणेच्या दाराशीं विरूढक यक्ष अशी योजना होती. हे त्या त्या दिशांचे रक्षक होत. म्हणजे खांबावरील यक्ष कोण, हें त्याच्या मुद्रेवरून किंवा वस्त्रावरून जितकें ठरतें, तितकेंच तो कोठें उभा आहे यावरून ठरतें. शिवाय स्तूप उजव्या हातास ठेवून प्रदक्षिणा करणाऱ्या भाविकाच्या डाव्या हातास वेदिकेचा आंतला चेहरा एकामागून एक उलगडत जाई, आणि पुरी फेरी झाल्यावर तो पुन्हां आरंभीं येई. दालनांत स्तूप नाहीं, वर्तुळ अपुरें आहे, आणि दिशा तर छपराखालीं कोणाच्या लक्षांतही येत नाहींत. पानें सुटलेल्या पोथीसारखी तिची अवस्था आहे. प्रत्येक पान शाबूत आहे, पण कोणतें पान कोणत्या पाठीमागचें, हें पोथीवरून नव्हे तर कनिंगहॅमच्या ग्रंथावरून शोधावें लागतें. यांत दोष संग्रहालयाचा नव्हे. निम्म्याहून थोडे अधिक खांब हातीं असतां कोणीही याहून फारसें चांगलें केलें नसतें. परंतु हें दालन पाहणाऱ्यानें आरंभींच पूर्व कोणती व उत्तर कोणती तें मनांत ठरवून घ्यावें. त्याशिवाय तो मूर्ति पाहील, वेदिका पाहणार नाहीं.

आतां खऱ्या विषयाकडे वळूं. भरहुतच्या शिल्पांचा विशेष हा कीं, त्यांवर शिल्पकारांनीं स्वतःच नांवें घातलीं आहेत. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ब्राह्मी लिपि, प्राकृत भाषा, आणि दोनतीन शब्दांचा मजकूर. अमुक यक्ष, अमुक देवता, अमुक जातक. आजचीं संग्रहालयें वस्तूखालीं चिठ्ठी लावितात, ती सोय या वेदिकेवर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं झालेली आहे, आणि तीही दगडांत. बुद्धाची मानवी आकृति येथें कोठेंच नाहीं. वृक्ष, चक्र, पादुका यांनीं त्याचें अस्तित्व सुचविलें आहे. अशा चित्रांत नांव नसतें तर कोणतें दृश्य कोणत्या प्रसंगाचें, यावर आपल्या पंडितांनीं अजून वाद घातले असते.

जेतवनाचें वर्तुळशिल्प घ्या. खांबावरील एका गोलांत आख्खी कथा बसविली आहे. सोडलेली बैलगाडी आहे, जूं उतरून बैल बसलेले आहेत, दोन माणसें भुईवर चौकोनी नाणीं एकास एक लावून पसरीत आहेत, आणि मधोमध अनाथपिंडिक हातांत झारी घेऊन दानाचें उदक सोडीत आहे. कोटि नाणीं अंथरून विकत घेतलेलें जेतवन अनाथपिंडिक देत आहे, असा खालीं लेख आहे. दोन लहान वास्तूंवर गंधकुटि व कोसंबकुटि अशीं नांवें आहेत. नाणकशास्त्राच्या अभ्यासकानें तर या शिल्पापुढें बैठक मारूनच बसावें. चौकोनी आहत नाणीं आपण तराजूंत घालतों, त्यांवरील चिन्हें मोजतों. तीं हाताळलीं कशीं जात, गाडींतून उतरून भुईवर मांडलीं कशीं जात, हें दाखविणारा याच्याइतका जुना व स्वच्छ पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं. शिवाय दान उदक सोडून पुरें होतें, हा जो व्यवहार आपल्या ताम्रपटांत शब्दांनीं येतो, तो येथें हातांत झारीसकट उभा आहे. ताम्रपट वाचणाऱ्या आम्हां मंडळींस याचा आनंद किती झाला, हें सांगण्याची जरूर नाहीं.

मात्र या नांवांहून आम्हांस अधिक मोलाचे वाटतात ते दात्यांचे लेख. वेदिकेवरील लेखांची संख्या २०० हून अधिक आहे, आणि त्यांत पुष्कळसे ‘अमक्या गांवच्या अमक्याचें दान’ या स्वरूपाचे आहेत. पूर्वेच्या तोरणावर धनभूति राजाचा लेख आहे. शुंगांच्या राज्यांत आपण तोरण उभारल्याचें तो सांगतो व बाप-आज्यांचीं नांवें देतो. इतिहासाच्या पुस्तकांत हाच एक लेख बहुधा येतो, कारण त्यांत राजा आहे. परंतु वेदिकेचा दगडन्‌दगड उभा राहिला तो भिक्षु, भिक्षुणी, गृहस्थ व त्यांच्या बायका यांच्या दानांतून. विदिशेच्या रेवतिमित्राची बायको चापदेवा हिनें पहिला खांब दिला. कोणी पाटलिपुत्राहून, कोणी कौशांबीहून दान केलें आहे. आणि या यादींत आपल्याकडचींही नांवें आहेत. नाशिकच्या गोरक्षितेनें, म्हणजे वसुकाच्या भार्येनें, एक खांब दिला. भोजकट हें विदर्भांतील प्राचीन स्थळ. तेथील दिग्नागा नांवाच्या भिक्षुणीचें दान आहे. ‘करहकट’ म्हणजे आपलें कऱ्हाड असें बहुतेक विद्वान मानितात. तेथील एकट्यादुकट्या माणसांचीं दानें तर आहेतच, पण एक दान करहकटाच्या निगमाचें आहे.

या शेवटच्या लेखापाशीं आम्ही फार वेळ थांबलों. निगम म्हणजे व्यापारी वस्तीची, शहराची संघटित मंडळी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास कऱ्हाडास अशी मंडळी होती, ती सर्वांच्या नांवें पैसा खर्च करूं शके, आणि शेंकडों कोस दूरच्या स्तूपास दान पाठवावें इतकें तिचें दळणवळण होतें, एवढें सगळें दोन शब्दांतून निष्पन्न होतें. रायगड जिल्ह्यांतील कुडा येथील लेण्यांत महिक नांवाच्या कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचा दानलेख आहे. तो याच्याशेजारीं ठेवून वाचावा, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरील या शहरचे व्यापारी उत्तरेस व कोंकणांत कोठवर जात, त्याची कल्पना येईल. महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास लिहितांना आपण सातवाहन राजांपासून आरंभ करितों व नाणेघाटाकडे बोट दाखवितों. तें योग्यच आहे. पण राजांच्या लेखांबरोबर हीं साधीं माणसेंही, एक नाशिकची बाई, एक विदर्भांतील भिक्षुणी व कऱ्हाडची व्यापारी सभा, त्याच पानावर आलीं पाहिजेत. तीं महाराष्ट्रांत नव्हे तर कलकत्त्यास सांपडतात, हा त्यांचा अपराध नव्हे.

आतां टीकेचा मुख्य मुद्दा. हे लेख कोणीं वाचलेच नाहींत असें नाहीं. ते फार चांगले वाचले गेले आहेत. कनिंगहॅमनंतर हुल्ट्श यानें, १९१२ च्या आपल्या यादींत हाइनरिश ल्यूडर्स यानें, आणि १९२६ त बेणीमाधव बरुआ व कुमार गंगानंद सिंह यांनीं त्यांवर परिश्रम केले. ल्यूडर्स १९४३ त निवर्तला. मागें राहिलेलें त्याचें काम एर्न्स्ट वाल्डश्मिट व आपले मधुकर अनंत मेहेंदळे यांनीं सुधारून पुरें केलें, व तें भारतीय कोरीव लेखांच्या सरकारी मालेंत १९६३ सालीं निघालें. हा ग्रंथ आजही आधारभूत आहे, आणि एका मराठी पंडिताचा हात त्यास लागला आहे याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण याच ग्रंथांत, व त्याच्या आधीं कनिंगहॅमच्याही ग्रंथांत, लेखांचे दोन वर्ग पाडले आहेत : एक दानलेखांचा, दुसरा शिल्पांवरील नांवांचा. लिपिशास्त्राच्या सोयीस हें ठीक आहे. परिणाम मात्र असा होतो कीं, ज्या खांबावर देवतेचें नांव व दात्याचें नांव अशीं दोन्ही आहेत, तो खांब ग्रंथांत दुभंगतो. देवता एका भागांत जाते, दाता दुसऱ्यांत. कोणत्या गांवच्या माणसानें कोणता यक्ष उभा करविला, कोणत्या भिक्षुणीनें कोणत्या कथेचा खर्च सोसला, हा प्रश्न विचारावयाचा तर वाचकानें दोन्ही भाग पुढें घेऊन ते स्वतः जुळवावे. कलेचे इतिहासकार तर याच्या पुढें जातात. त्यांच्या चित्रसंग्रहांत यक्षिणीची आकृति सुरेख येते, आणि तिच्या बाजूची अक्षरांची ओळ चौकटीबाहेर कापलेली असते. अशा रीतीनें ग्रंथापाशीं लेख आहे पण खांब नाहीं, चित्रापाशीं खांब आहे पण लेख नाहीं, आणि दालनांत दोन्ही असून वाचणारा नाहीं.

तोरणाच्या लहान स्तंभिकांवर खरोष्ठी अक्षरें आहेत, तींही अशींच उपेक्षित. वायव्येकडील कारागीर मध्य हिंदुस्थानांत येऊन काम करीत होते, याची ती खूण होय. दात्याचें नांव, देवतेचें नांव व कारागिराची खूण हीं तिन्ही एका वास्तूवर मिळणें ही दुर्मिळ गोष्ट आहे.

इतकें दुसऱ्यांविषयीं लिहिल्यावर स्वतःकडे पाहणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्राहकांच्या घरीं सचित्र भागवताचें एक पत्र कांचेंत जडविलेलें आम्हीं पाहिलें. चित्र अप्रतिम होतें. मागें काय आहे म्हणून विचारतां, ‘मागें नुसतें लिखाण होतें’ असें उत्तर मिळालें, आणि तें लिखाण पुठ्ठ्यास खळीनें चिकटवून टाकलेलें होतें. तें पोथीचें शेवटचें पत्र असावें असा आमचा तर्क आहे; म्हणजे लेखकाचें नांव, शक, गांव, कोणासाठीं लिहिलें, हें सर्व त्या पुठ्ठ्यांत गेलें. दुसरा अपराध आमचाच आहे. एका घराण्याचा कागदांचा रुमाल आमच्याकडे आला, तो सोडून आम्हीं सगळे कागद मित्यांप्रमाणें लावून टाकिले, व मोठें काम केलें असें मानिलें. पुढें ध्यानांत आलें कीं, मूळ रुमालांत एक हुंडी व एक खासगी पत्र एकाच दोऱ्यानें बांधलेलें होतें, आणि त्या पत्रावांचून हुंडीचा अर्थ लागत नव्हता. दोरा आम्हीं टाकून दिला होता. कनिंगहॅमनें निदान कोणता खांब कोठें सांपडला तें लिहून ठेविलें. आम्हीं तेंही केलें नव्हतें.

‘दुबार प्रत’ या शब्दाविषयींही येथेंच लिहितों, कारण आपल्या मंडळींत तो फार सैलपणें वापरला जातो. १८९८ त पिप्रहवा येथील स्तूप विल्यम पेपे या इंग्रज जमीनदारानें खणला. अस्थि सयामच्या राजास गेल्या, बहुतेक वस्तु कलकत्त्याच्या याच संग्रहालयास आल्या, आणि रत्नें व मणी यांचा कांहीं अंश दुबार म्हणून पेपे कुटुंबाकडे राहूं दिला गेला. मे २०२५ मध्यें तो अंश हाँगकाँग येथें लिलावास निघाला. भारत सरकारनें हरकत घेतल्यावर लिलाव थांबला, व जुलैंत तीं रत्नें भारतांत परत आलीं. सव्वाशें वर्षांनंतर जो तंटा झाला त्याचें मूळ त्या एका शब्दांत आहे. अस्थींबरोबर अर्पण केलेल्या मण्यांत दुबार कोणता? एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांत दुबार कोणती? ज्ञानेश्वरीची दहावी प्रत ‘आपल्याकडे आहे’ म्हणून परत करणाऱ्यानें ती कोणीं, कोठें, कोणासाठीं उतरली तें आधीं पाहावें.

भरहुतचे दगडही एके ठिकाणीं राहिले नाहींत. कांहीं प्रयागच्या संग्रहालयांत आहेत, कांहीं दिल्लीस, आणि कांहीं समुद्रापलीकडे वॉशिंग्टनपर्यंत गेले आहेत. सगळे पुन्हां एकत्र आणावे अशी मागणी आम्ही करीत नाहीं. ती मान्य होणार नाहीं, आणि भरहुतास नेले तरी तेथें आतां स्तूप नाहीं. पण वेदिकेची एक खांबवार यादी व्हावी : खांब कोणता, मूळ दिशा कोणती, चित्र काय, नांव काय, दाता कोण, आणि दगड हल्लीं कोठें. ल्यूडर्स-मेहेंदळे यांच्या ग्रंथांतच यासाठीं लागणारी पुष्कळ सामग्री आहे. ती खांबांच्या क्रमानें पुन्हां मांडणें एवढेंच काम आहे, आणि तें पुण्यांत बसून आरंभतां येईल. नाशिक व कऱ्हाड येथील लेखांचे ठसे घेऊन त्यांच्या प्रतिकृति त्या त्या शहरीं ठेवाव्या, ही दुसरी सूचना.

जे वाचक कलकत्त्यास जातील त्यांनीं बरोबर लेखांची यादी, एक लहान विजेरी व पुरेसा वेळ न्यावा. अक्षरें उथळ आहेत. समोरून पाहतां तीं दिसत नाहींत, बाजूनें तिरपा प्रकाश पडला कीं उठून येतात. आम्हांस एका दिवसांत वेदिकेचा तिसरा हिस्साही वाचून झाला नाहीं. खांबवार यादीचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे. ज्यांच्या संग्रहीं भरहुतच्या लेखांचे जुने ठसे, बेग्लरच्या छायाचित्रांच्या प्रति, किंवा जॉन अँडर्सन यानें १८८३ सालीं केलेली या संग्रहालयाची सूचि असेल, त्यांनीं मंडळाच्या चिटणिसांस कळवावें. प्रत पाहून जशीच्या तशी परत केली जाईल, आणि तिच्यावर कोणाचें नांव लिहिलेलें असल्यास तेंही टिपून घेतलें जाईल.